योगायोगाचा नकाशा

आमच्या सरांच्या विश्वाचा एक तुकडा आमच्या प्राचार्यांनी खाल्ला होता, ही गोष्ट रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात पुढे बरीच वर्षे सांगितली जात असे. सांगणारे बदलत गेले तसा तो तुकडाही मोठा होत गेला. मी तेव्हा तिथेच होते, म्हणून जेवढे घडले तेवढेच सांगते. लिहिण्याची मला सवय नाही. नोकरी संपल्यावर हाती वेळ आला आणि लिहावेसे वाटलेले पहिले माणूस सर निघाले.

सर भौतिकशास्त्र शिकवीत, आणि उरलेल्या वेळात विश्व करीत. ‘करीत’ हा शब्द त्यांचाच. घराच्या पडवीत कॅरमचा एक जुना बोर्ड होता. त्यावर सुपाऱ्या मांडलेल्या असत आणि सुपाऱ्यांच्या मधूनमधून लाल गुंजा. गुंजा म्हणजे दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे थवे, जे दुर्बिणीतून दिसतात. सुपाऱ्या म्हणजे ते द्रव्य, जे कोणालाच दिसत नाही. पण त्याच्या ओढीवाचून दीर्घिका अशा घोळक्याने राहिल्या नसत्या, असे त्या वर्षांत जगभरचे शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. दर रविवारी सकाळी सर कॅल्क्युलेटर घेऊन बसत. एकेका सुपारीवर बाकी सगळ्या सुपाऱ्यांची ओढ किती पडते ते काढत आणि तिला तेवढी सरकवत. संध्याकाळपर्यंत त्यांचे विश्व काही कोटी वर्षांनी पुढे गेलेले असे आणि त्यांचे अंघोळीचे पाणी तीनदा तापवून झालेले असे.

अशाच एका रविवारी प्राचार्य सहज म्हणून घरी आले. सर कागद आणायला आत गेलेले. चहा झाला, आणि घरातली सुपारी नेमकी संपलेली. सरांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, बोर्डावरची एक सुपारी उचलली, अडकित्त्याने कातरली आणि बशीतून पुढे केली. पुढे त्याबद्दल विचारले तेव्हा अक्का म्हणाल्या, “कडेची घेतली हो. मधली घेतली असती तर त्याला कळलं असतं.”

त्याला कळलेच. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर प्राचार्यांसमोर जाऊन उभे राहिले. “प्रशासन,” ते म्हणाले, “काल आपण जे चघळलंत त्याच्या आधारावर तीन दीर्घिका उभ्या होत्या. आता त्या भरकटतायत.”

प्राचार्यांनी शांतपणे विचारले, “मग मी काय करावं अशी अपेक्षा आहे?”

“काही नाही. या द्रव्याला पुस्तकांतून बेपत्ता वस्तुमान म्हणतात. सगळं जग ते शोधतंय. ते कुठे गेलं हे ठाऊक असलेला मी पहिलाच.”

‘प्रशासन’ हे संबोधन थट्टेचे नव्हते. सरांना नावे लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. माणसांना ते विषयावरून हाक मारीत. इतिहास, वनस्पती, वाणिज्य अशी सगळी स्टाफरूम त्यांच्या तोंडी अभ्यासक्रमासारखी लागून असे. मी नव्याने लागले तेव्हा ‘संख्याशास्त्र’ झाले, आणि मी ते गाव सोडेपर्यंत तेच राहिले.

मी पुण्याहून आले होते. आल्या दिवशी स्टाफरूममधली कपाटाआडची खुर्ची पाहिली आणि तिथे बसले. दोन-तीन दिवसांनी सर समोर आले.

“संख्याशास्त्र, यदृच्छा म्हणजे काय ते सांगाल?”

मी व्याख्या सांगितली. माझा आवाज कपाटापलीकडे गेला असेल असे मला वाटत नाही.

“ही पुस्तकातली झाली. तुम्ही या खुर्चीवर बसलात ते यदृच्छेनं का?”

“नाही.”

“मग?”

“इथून... कोणाला फारसं दिसत नाही.”

“म्हणजे कारण आहे. बघा, साधी खुर्चीसुद्धा निव्वळ योगायोगानं भरत नाही.” ते वळले आणि सगळ्या खोलीकडे हात करून म्हणाले, “ते चौघे खिडकीशी का? वारा आहे म्हणून नाही, वाणिज्यच्या डब्यात आंबोळ्या असतात म्हणून. डबा मला इथून दिसत नाही. पण माणसं कशी दाटलीत त्यावरून डबा आहे हे सांगता येतं आणि केवढा आहे तेही सांगता येतं. माझं संशोधन एवढंच आहे. तुम्ही मात्र एकांडी दीर्घिका. अशाही असतात.”

वाणिज्यवाल्यांनी त्या दिवसापासून डबा लवकर खायला सुरुवात केली.

हीच गोष्ट ते मुलांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊन सांगत. परीक्षा संपल्या की शेवटच्या वर्गातल्या मुलांना पुलापलीकडे चालत न्यायचे, खाडीच्या मुखाकडे तोंड करून उभे करायचे आणि विचारायचे, “फेस कुठे कुठे आहे ते बघा.” पाणी सगळीकडे सारखेच दिसे, पण मुखाशी काही ठिकाणी लाटा वेळेआधीच फुटत आणि पांढरी रेघ उमटे. “तिथे खाली वाळूचा दांडा आहे,” सर सांगत. “दांडा दिसत नाही, फेस दिसतो. आणि फेससुद्धा सगळ्या दांड्यावर नाही, जिथे दांडा सगळ्यात उंच तिथेच. दीर्घिका म्हणजे हा फेस. दांडा म्हणजे ज्याच्याबद्दल मी बोलतोय आणि तुम्ही जांभया देताय.”

एकदा मिरकरवाड्याचा एक मुलगा म्हणाला, “पण सर, दांडा कुठे हाय ते आमच्या होडीवाल्यांना आधीच म्हायती असतं.”

“म्हणूनच ते संशोधन करत नाहीत,” सर म्हणाले. “मासे पकडतात. तूही तेच कर, गुण बघितलेत मी तुझे.”

तो मुलगा पुढे जहाजावर अधिकारी झाला आणि दर वर्षी सरांना वेगवेगळ्या बंदरांतून शुभेच्छा पाठवीत असे.

सर राहत त्या घरात दोघेच, ते आणि अक्का. अक्का त्यांच्याहून आठेक वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर थोड्याच काळात एकट्या पडून माहेरी परतल्या आणि राजापूरच्या आतल्या गावची घरची बाग त्यांनी वीसेक वर्षे सांभाळली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात हापूसची कलमे लावायची. हे सगळे त्यांनी गड्यांच्या बरोबरीने उभे राहून केले होते. पुढे भावकीत वाटण्या झाल्या, बाग हातची गेली, आणि अक्का धाकट्या भावाकडे रत्नागिरीला आल्या. निवृत्तीला टेकलेल्या या भावाला त्या ‘बाळ’ म्हणत. सर वर्गात कितीही उंच गेले तरी घराच्या पायरीवर त्यांचे पुन्हा बाळ होई.

अक्कांना सगळ्याबद्दल मत होते. कुळीथ कसे भिजवावेत, प्राचार्य कसे नेमावेत, माझ्यासारख्या मुलीने एवढ्या लांब एकटीने राहावे की नाही, आणि राहिलीच तर रोज रात्री काय जेवावे. विश्वाबद्दल मात्र त्यांना मत नाही, अशी सरांची समजूत होती. या समजुतीवरच पुढचे सगळे घडले.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत सरांचा एक वर्गमित्र होता. त्याने आकाशाच्या एका पट्ट्यातल्या दीर्घिकांच्या जागा लिहिलेल्या कागदांचे झेरॉक्स पाठवून दिले. सरांनी सुपाऱ्या बाजूला ठेवल्या, म्हणजे अक्कांनी त्या डब्यात भरल्या, आणि आलेखाचे कागद जोडजोडून चटईएवढा एक नकाशा केला. त्यावर प्रत्येक दीर्घिकेचा हिरवा ठिपका दिला. मग कंपास घेऊन मोजणी सुरू झाली. एका ठिपक्यापासून अमुक अंतरात दुसरे किती ठिपके आहेत. मग पुढचा ठिपका. मग अंतर वाढवून पुन्हा पहिल्यापासून. परदेशात हे काम यंत्रे करीत. सर ते मांडी घालून करीत.

पण नुसते आकाश मोजून भागत नाही. दोन दीर्घिका जवळ दिसल्या, तर ती जवळीक खरी की अपघाताची? ते ठरवायला शेजारी दुसरा एक नकाशा लागतो. ठिपके तेवढेच, पण निव्वळ योगायोगाने पडलेले. आकाशातल्या जवळच्या जोड्यांना या नकाशातल्या जवळच्या जोड्यांनी भागायचे, म्हणजे दाटीचे माप मिळते. दाटी जेवढी जास्त, तेवढे न दिसणारे द्रव्य जास्त. सर या दुसऱ्या कागदाला योगायोगाचा नकाशा म्हणत. तो कोणी करायचा, यावर त्यांनी बराच विचार केला होता.

“मी केला तर माझी इच्छा त्यात उतरेल,” ते मला म्हणाले. “तुम्ही केलात तर तुमची भीती उतरेल. अक्काला विश्वाबद्दल काहीही म्हणायचं नाही. यदृच्छेसाठी असंच माणूस लागतं.”

आळीच्या गणेशोत्सवातला तंबोल्याचा संच घरी आणला गेला. पिशवीतून आकड्याची एक सोंगटी काढायची, तेवढी घरे आडवी मोजायची. ती परत टाकून पिशवी हलवायची, दुसरी काढायची, तेवढी घरे उभी. आणि तिथे ठिपका. दुपारची जेवणे झाली की अक्का झोपाळ्यावर पिशवी घेऊन बसत. त्यांच्यासमोर पाट, पाटावर कागद, शाईत बुडवलेली काडी. सर पाठमोरे बसून आपले आकाश मोजत. रांगोळीची सवय असल्यामुळे अक्कांचा ठिपका सुरेख येई, एकसारखा.

मे महिन्याच्या सुटीपूर्वी मोजणी संपली आणि भागाकार झाला. मोठ्या अंतरांवर उत्तर जगाने काढले होते तसेच आले. लहान अंतरांवर मात्र ते उसळले होते. सर्वांत लहान अंतराला तर अक्कांच्या कागदावर जेमतेम एक जोडी होती, आणि आकाशात कितीतरी. म्हणजे जवळच्या जवळ दीर्घिकांची दाटी आजवर समजत होते त्याच्या अनेक पट होती. म्हणजे त्यांना बांधून ठेवणारे न दिसणारे द्रव्यही. सरांनी भागाकार पुन्हा केला, मग मला करायला दिला. भागाकारात चूक नव्हती.

त्यांनी मित्राला कळवले. मित्राने पुण्यातल्या एका चर्चासत्रात त्यांच्यासाठी पाव तास मिळवला. जून अखेरीस देशभरातले लोक येणार होते. आयुष्यभर सरांनी पदवीच्या मुलांना लंबक आणि भिंगे शिकवली होती. पुढच्या वर्षी निवृत्ती होती. त्यांचे नाव छापलेली कार्यक्रमपत्रिका आली तेव्हा त्यांनी ती स्टाफरूमच्या फलकावर लावली नाही. अक्कांनी ती आळीत फिरवली.

“बाळ पुण्याला जातोय. आकाशात जे दिसत नाही ते त्यानं मोजलंय,” त्या दुधवाल्याला सांगत होत्या.

“दिसत नाय तर मोजलान कसं?”

“तुझ्या दुधातलं पाणी मी मोजत्ये ना, तसंच.”

त्यांनी सरांचा काळा कोट उन्हात घातला, बटणे नवी लावली. ठिपके आपण दिले आहेत, हेही त्या सांगत. पण हळू आवाजात, जरा बाजूला घेऊन.

माझ्या हातून एकच गोष्ट झाली. एका योगायोगावर विसंबू नये, निदान दोन-तीन नकाशे करून त्यांत फरक किती पडतो ते पाहावे, एवढे साधे वाक्य मला सरांना सांगायचे होते. ते सांगायला मला आठवडा लागला. अखेर मी ते कपाटाकडे बघत सांगितले.

सर म्हणाले, “संख्याशास्त्र बोललं. नोंद घेतली पाहिजे. रविवारी या.”

त्या रविवारी दुपारी अक्का झोपाळ्यावर, मी दाराजवळच्या खुर्चीवर, आणि सर चहा करायला आत. चहा ते स्वतःच करीत, पाणी किती अंशांवर उतरवायचे याबद्दल त्यांचे अक्कांशी पटत नसे. नव्या कोऱ्या कागदावर ठिपके पडू लागले होते. अक्कांनी सोंगटी काढली, बोटाने घरे मोजली, दुसरी काढली, कागदाकडे पाहिले, आणि काडी न उचलता ती सोंगटी परत पिशवीत टाकून दुसरी काढली.

मला वाटले, चुकून. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तसेच केले.

“अक्का,” मी विचारले, “ती परत का टाकलीत?”

“अगो, ते शेजारच्याला चिकटत होतं.”

“चिकटलं तर चालतं ना?”

“कसं चालेल?” अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिले. देशावरची मुलगी, हिला काय ठाऊक, असे त्या नजरेत होते. “एवढा मोठा कागद पडलाय. दोन कलमं दाटीनं लावलीस तर दोन्ही धरत नाहीत. फांदीत फांदी अडकते, ऊन लागत नाही, मोहोर काळा पडतो. प्रत्येकाला आपलं आळं नको?”

मी वळून दाराकडे पाहिले. हातात तीन कपांचा ट्रे घेऊन सर तिथे कधी आले ते मला कळले नव्हते.

“अक्का,” ते म्हणाले, “पहिल्या कागदालाही असंच केलंस?”

“मग? तेव्हापास्नंच. किती सोंगट्या परत टाकल्या त्याला गणती नाही. तुला सांगितलं नाही, तुझं लक्ष मोजण्यात. मी म्हटलं, कामाला लावलंय तर नीट करून द्यावं.”

सरांनी ट्रे खाली ठेवला. एक कप अक्कांना दिला, एक मला, तिसरा स्वतः घेतला आणि उभ्यानेच संपवला. चहा फार गरम होता. मग ते म्हणाले, “छान लावलायस अक्का,” आणि चपला घालून बाहेर पडले.

अक्का म्हणाल्या, “ह्याला काय झालं? साखर विसरला वाटतं.” त्यांनी घोट घेऊन पाहिला. साखर होती.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या कपाटाशी आले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. असे ते कधी करीत नसत.

“माझं उत्तर म्हणजे आकाश भागिले हापूसची बाग,” ते म्हणाले. “बागेत जवळची जोडी नसतेच, मग भागाकार उसळणार नाही तर काय. आणि तीही एक जोडी होती म्हणून. ती नसती तर शून्यानं भागावं लागलं असतं आणि मी तिथेच थांबलो असतो. अक्कानं ती एकच कशी राहू दिली कोण जाणे.”

मी मान हलवली.

“संख्याशास्त्र, तिथे मला कोणी विचारेल का? दुसरा नकाशा दाखवा म्हणून?”

“बहुतेक नाही.”

“नाहीच. आकाशाचा नकाशा सगळे मागतात, योगायोगाचा कोणी मागत नाही.” ते खिडकीकडे बघत होते. “पत्रिकेत ‘अपेक्षेहून कितीतरी अधिक’ असं छापून आलंय. माझ्या नावापुढे. ते खोडलं की उरतं काय? जगाला दहा वर्षांपूर्वी माहीत होतं ते, मांडी घालून काढलेलं.”

मी पुष्कळ वेळ शब्द जुळवले. “पण... ते मांडी घालून निघतं, हे जगाला माहीत नव्हतं.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. “हे सांत्वन आहे की संख्याशास्त्र?”

“माहीत नाही.”

“पिशवी घेऊन आलोय,” ते म्हणाले. “तुम्ही काढा, मी ठिपके देतो. आणि कागदाकडे बघू नका. तुम्हाला दया येईल.”

सुटीचे कॉलेज रिकामे होते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून आम्ही तीन नकाशे केले. ठिपके हवे तसे पडले, म्हणजे मुळीच हवे तसे नाही. कुठे एकावर एक, कुठे हातभर मोकळे. उत्तर पुन्हा काढले. लहान अंतरांवरची उसळी गेली आणि सगळी रेघ जगाच्या रेघेवर जाऊन निमूट पडली. सर बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. मग त्यांनी कागदांची गुंडाळी केली आणि तिच्यात अक्कांचा कागदही घातला.

पुण्याला मी माझ्या घरी गेलेच होते, म्हणून चर्चासत्रात मागच्या रांगेत बसता आले. बाकीचे वक्ते पारदर्शक पट्ट्या आणून पडद्यावर आकृत्या दाखवीत होते. सरांनी टाचण्या मागितल्या. फळ्यावर त्यांनी चटईएवढे तीन नकाशे शेजारी शेजारी लावले. काळ्या कोटाची नवी बटणे चमकत होती.

“पत्रिकेत छापलेला निष्कर्ष चुकीचा आहे,” ही त्यांची सुरुवात. सभागृहात कागद वाजायचे थांबले. “मी तो मागे घेतो. पाव तास हातात आहे, तेव्हा तो कसा चुकला ते सांगतो. हे आकाश. हा योगायोग. आणि हा तिसरा नकाशा माझ्या थोरल्या बहिणीनं केला. मी तिला योगायोग करायला सांगितला होता. तिनं आंबे लावले.”

मग त्यांनी सगळे सांगितले. सोंगट्या, कलमांची आळी, काळा पडणारा मोहोर. माणसाच्या हाताला निव्वळ योगायोग साधत नाही, तो ठिपक्यांना माणुसकीने वागवतो, आणि ती माणुसकी भागाकारात नेमकी किती पटीने उतरते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. सभागृह हसत होते. पण पहिल्या रांगेतले काही जण लिहून घेत होते.

अध्यक्षांनी शेवटी विचारले, “समजा, विश्व तुमच्या भगिनींनीच लावलं असतं तर?”

“तर दाटी झाली नसती,” सर म्हणाले. “दाटी नसती तर तारे पेटले नसते, आणि आपल्यासाठी हे सभागृह कोणी बांधलं नसतं. पण जागा सगळ्यांना पुरली असती.”

चहाच्या वेळी आकाशाच्या नकाशापाशी कोणी नव्हते. अक्कांच्या कागदापुढे मात्र गर्दी होती.

जुलैत कॉलेज सुरू झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अक्कांचा कागद काच लावून पडवीच्या भिंतीवर टांगलेला होता. अक्का झोपाळ्यावर बसून फणसाचे गरे सोडवत होत्या, सर आरामखुर्चीत. मी नेहमीची दाराजवळची खुर्ची घेतली.

“चुकलं होतं ना गो माझं?” अक्कांनी मला विचारले. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते, पण सांगावे लागत नव्हते.

मी सरांकडे पाहिले.

“तुझं नव्हे, माझं,” सर म्हणाले. “योगायोग मी घरच्या माणसाकडे सोपवला.”

“मग खरं आकाश आहे कसं?”

“दाटीवाटीचं. कुठे एकमेकांच्या अंगावर, कुठे मैलोन्मैल कोणी नाही.”

अक्कांनी हातातला गरा ताटात टाकला. “म्हणजे नीट लावलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि विश्वाचा विषय त्यांच्यापुरता संपला.

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होते. सगळे ठिपके आपापल्या आळ्यात मोकळे उभे होते. फक्त डावीकडे, खालच्या बाजूला, दोन अगदी लगटून होते. भागाकार वाचवणारी ती जोडी.

“अक्का,” मी विचारले, “हे दोन कसे राहू दिलेत?”

“ते ना?” त्यांनी मान वर करून पाहिले. “ते पहिलेच पडले, दोन्ही एकाशेजारी एक. मी म्हटलं, इथे विहीर असणार. विहिरीपाशी दोन माड जवळ जवळ लावले तरी चालतं. खाली पाणी असतं ना, दोघांना पुरतं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उठून कागदाजवळ गेले. तिथे उभे राहून त्यांनी त्या दोन ठिपक्यांकडे पाहिले. मग झोपाळ्याकडे, जिथे ताट मांडीवर घेऊन त्यांची बहीण बसली होती. आणि मग दाराजवळच्या माझ्या खुर्चीकडे.

“अक्का, सरक जरा,” ते म्हणाले.

अक्कांनी ताट उचलून जागा केली.

“संख्याशास्त्र, तिकडे एकट्या काय बसलात? इकडे या. इथे पाणी आहे.”

मी उठले आणि झोपाळ्यावर अक्कांना लागून बसले. अक्कांनी गऱ्यांचे ताट माझ्या मांडीवर सरकवले.